नळाला फुटलेला घाम

२ जुलै १९३४, सोमवार
मोरीच्या कुंडीखाली पुन्हा थारोळं. मागची मातीची भिंत हाताला मऊ लागली. हे म्हणतात, नळाचा सांधा गळतोय. पण सांधा नाही तिथेही थेंब. नळ पुसला, भात उतरेपर्यंत पुन्हा ओला.

४ जुलै
आक्कांनी, ह्यांच्या थोरल्या विधवा बहिणीने, नळाचं पाणी सोडलं. आमच्या लेकाने, माधवने, मुंबईहून नळ आणून झऱ्याचं पाणी घरात घेतलं ते आपल्या ह्या म्हाताऱ्या आत्यासाठीच. तोटीत चामड्याची चकती असते, हे त्यानेच हसत सांगून ठेवलेलं. आता आक्का म्हणतात, ‘चामड्यातूनच झिरपतंय ते.’ सत्तरीची बाई कळशी घेऊन पावसात झऱ्यावर गेली. गेल्या वर्षी त्याच निसरडीवर पडल्या होत्या. माझ्या हातचं सोवळ्याचं पाणी त्यांना चालत नाही, मी मडमांच्या शाळेत जेवलेली. बाकी सगळी माया. चूल पेटवायला त्यांनीच शिकवलं मला, पंधरा वर्षांची आले तेव्हा.

६ जुलै
नळाला गोणपाट गुंडाळलं. आता टिपेल.

८ जुलै
टिपलं, आणि धरून ठेवलं. गोणपाटावर बुरशी, कुबट वास. भिंतीचा पोपडा सुटला. हे म्हणाले, भिंत बसण्याआधी नळच काढू. मग आक्का कायमच्या झऱ्यावर...

९ जुलै
दुपारी आक्का भिजून आल्या. झऱ्याच्या पाण्याने भरलेला त्यांचा पितळी तांब्या चुलीपाशी ठेवला. भात रटरटत होता. तांब्याकडे लक्ष गेलं आणि शाळेतल्या सिस्टर आठवल्या, काचेवर फुंकर घालून दवाचा धडा सांगणाऱ्या.
आक्कांना म्हटलं, तुमच्या हातानेच पुसा तो. पुसला. दोघी पाटावर बसून पाहत राहिलो. आधी पितळेची चमक गेली, आरशावर श्वास पडावा तशी. मग बारीक कण. मग एक थेंब सरकला, वाटेतल्या दुसऱ्याला घेऊन खाली आला.
‘ह्याला कुठे चामडं आहे, आक्का?’
त्यांनी ओघळलेला थेंब बोटाने टिपला. मग हळूच, ‘म्हंजे हे पाणी हवेतच हाय गो? आपण ह्यातनंच हिंडतो?’
मी हो म्हटलं. ह्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, आणि सगळीकडे न दिसणारं पाणी. गार काही दिसलं की येऊन बसतं.
उठता उठता म्हणाल्या, ‘पण तोटीत चामडं हायच ना.’
खोटं कसं बोलू.

११ जुलै
नळ भिंतीपासून सुटा केला, मागे लाकडी ठोकळे. चांगला कोरडा करून काथ्याचा जाड थर, वर मेणकापड ताणून शिवलं. हवा नळापर्यंत पोचताच कामा नये. भाताचं तपेलं पडवीतल्या चुलीवर हलवलं. गंगी भांडी घासता घासता म्हणते, ‘वैनी, नळ बाळंत झालाय काय? धुरी पन द्या त्याला.’ आक्कासुद्धा हसल्या.

१६ जुलै
कुंडीखाली कोरडं. हात फिरवून पाहिला, खरंच कोरडं. भिंत अजून गार, पण बोट रुतत नाही. ह्यांनी नळ काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही. आक्का मात्र रोज झऱ्यावर.

१९ जुलै
सकाळपासून मुसळधार. कशेडी घाटात दरड आली म्हणतात. आक्का कळशी घेऊन मागच्या दारात उभ्या. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं, परत घेतलं. मी नळाकडे पाहिलं.
‘नळाचं नको,’ म्हणाल्या. मग कळशी माझ्यापुढे धरली. ‘तू आण. ओलेत्यानं आण म्हंजे झालं.’
जवळजवळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पावसाने ओलेतं आपसूकच केलं. वाटभर दोन्ही हातांनी कळशी धरून होते, देव्हाऱ्यातलं काही उचलून आणावं तशी.
कळशी त्यांच्या फळीवर ठेवली. त्यांनी झाकण घातलं.
आमची जेवणं झाली. त्यांनी त्यातलं पाणी अजून काढलेलं नाही.