आईची अर्धी म्हण

आई, काल मी धाकट्याकडे हिंगण्याला जाऊन आलो. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

तुझ्याजवळ प्रत्येक प्रसंगाला म्हण होती. भाजी खारट झाली, पाहुणा उठेना, शेजारीण एकाएकी गोड बोलायला लागली, की तुझी म्हण तयार. चूक आम्हा भावांची असली की मात्र तू अर्धीच म्हणायचीस आणि सांबाराची, कोथिंबिरीची, जुडी निवडत बसायचीस. उरलेली ज्याची चूक त्यानं पुरी करायची. तीच कबुली. मग तो विषय तू पुन्हा काढत नव्हतीस, ताटात गरम भाकरी पडायची. इतका नेमका न्याय मी पुढे कुठल्याच साहेबाकडे पाहिला नाही.

नरखेडच्या बागेतली मोटार जळली, तो उन्हाळा आठवतो? विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटार चालूच राहिली. बंद करायचं काम माझं, आणि मी बसस्टँडवर गप्पा हाणत होतो. दुरुस्त होऊन येईपर्यंत संत्र्याची बारीक फळं गळून गेली. बाबांनी धाकट्याला धरलं, कारण सकाळी मोटार त्यानं सुरू केली होती. मी गप्प. तू चुलीपुढे बसली आहेस, माझ्याकडे न बघता अर्धी म्हण टाकतेस.

"बोल ना गा पुढचं."

"मले नाई आठवत वं, आई."

तू भाकरी वाढलीस. बाबांनी धाकट्याला पुन्हा मोटारीला हात लावू दिला नाही. वर्षभरात तो बाग सोडून हिंगण्याच्या कारखान्यात लागला.

परवा माझा चष्मा फुटलेला दिसला. मी सवयीनं तुझीच एक म्हण अर्धी म्हटली. मुलीनं ती लगेच पुरी केली. "बाबा, माझ्याच हातून पडला," म्हणाली. नववीतली पोर! मला तिच्याकडे बघवेना.

म्हणून काल गेलो. धाकट्याला सगळं सांगितलं. तो संत्रं सोलत राहिला.

"मले तवाच मालूम होतं गा, दादा. आई म्हणे, तो सोताहून बोलन, तू घाई नको करू."

बावीस वर्षं त्यानं तुझा शब्द राखला. तुझा माझ्यावर एवढा विश्वास होता, याचा अभिमान वाटतो. आणि एकदा तरी कान धरायचा होतास, असंही वाटतं.

एक गोष्ट काल त्यालाही सांगितली नाही. ती म्हण मला त्या दिवशी पूर्ण येत होती.