चौकटीशेजारचा हात

बाबा, लासूर स्टेशनजवळच्या त्या गावात काल परत जाऊन आले. चावडीचं जुनं दार आता नाही. वाळवीने पोखरलं म्हणून चौकटीसकट उतरवलं, आणि तिथे सध्या पत्रा ठोकला आहे. गावाला तसंच दार पुन्हा करून हवं आहे आणि जुन्याचे फोटो माझ्याकडे आहेत, म्हणून मला बोलावलं होतं. सुतार तुमच्याच वयाचे, म्हणजे आज तुम्ही असतात तर ज्या वयाचे झाला असतात, त्या वयाचे. मोबाइलवर फोटो मोठा करून ते कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "ताई, फोटू लई साफ हाय. पण चौकटीवरचं हे कमळ केवढं होतं? वाटीएवढं का ताटलीएवढं?" मला आठवेना. "शेजारी काय तर ठेवायचं असतं. काडीपेटी तरी," ते म्हणाले. आता ते अंदाजानेच कोरतील.

शेजारी तुमचा हात होता, बाबा.

शाळेत नाव घालायच्या आधी मी मोजायला शिकले ती मुकुंदवाडीच्या तुमच्या सुतारकामाच्या दुकानात, भुशात बसून. चार बोटं, एक वीत, एक हात. म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जुन्या इमारतींच्या दारांवर प्रकल्प घेतला, तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. आठवडाभर प्लायची कपाटं करायची आणि रविवारी मला मोटारसायकलवर घेऊन खुलताबादकडे, नाहीतर लासूरकडे निघायचं. त्या चावडीसमोर तुम्ही उकिडवे बसला आहात, ऊन तिरपं झालं आहे. मी वरच्या नक्षीवर कॅमेरा रोखते आणि तुम्ही रागावता, "आधी खाली बघ. दार खालून सडतं." खरंच, उंबऱ्यापाशी लाकडाचा मऊ भाग पावसाच्या शिंतोड्यांनी झिजून गेला आहे आणि नुसत्या शिरा उभ्या आहेत, कंगव्याच्या दातांसारख्या. कडी हलून हलून फळीवर अर्धगोल चर पडला आहे. "हे कुणी कोरलं नाय," तुम्ही म्हणता, "येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केलंय." आणि दर फोटोला, मी न सांगता, तुमचा पंजा लाकडाशेजारी येऊन टेकतो. समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडते, "दाराचा फोटू कशाला गं पोरी? माझा काढ, मी बी तेवढीच जुनी हाय!" तुम्ही हसून म्हणता, "मावशी, दाराला वाळवी लागलीय. तुम्हाला कुठं काय झालंय?"

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले होते, "बाबा, पुढच्या वेळी हात ठेवू नका. सर म्हणाले, फोटोत माणूस नको." तुम्ही "बरं" म्हणालात. पुढच्या रविवारी तुम्ही सवयीने पुढे आलात, मग आठवलं, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून बाजूला उभे राहिलात. आधीचे सगळे फोटो मी घरी बसून कापले. एकेक दोनदा तपासला, बोटाचं टोकही राहू नये म्हणून, आणि मूळ फाइलवरच जतन केला. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

काल घरी आल्यावर जुना लॅपटॉप, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, सगळं पाहिलं. तुमचा हात कुठेच नाही. हार घातलेला तुमचा फोटो छातीपर्यंतच आहे, त्यातही हात नाहीत. मी रडत होते म्हणून आई जवळ आली. सगळं ऐकून म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? सरांनीच सांगितलं होतं ना?"

सर काही बोलले नव्हते, बाबा. उलट, फोटोत मोजायला काहीतरी असू दे, असं त्यांनी वर्गात दोनदा सांगितलं होतं. पण प्रदर्शनात फोटो मोठे होऊन भिंतीवर लागणार होते. तुमच्या तर्जनीचं पेर कटरमध्ये गेलेलं, नखांच्या कडेला सरस वाळलेला. मैत्रिणी विचारतील, हा कुणाचा हात, असं मला वाटलं होतं. मला लाज वाटली होती.

हे आईला वाचायला द्यावं म्हणून लिहायला बसले होते. देणार नाही. ती सरांचं विचारत होती तेव्हा मी "हो" म्हणाले.