तू मानेबद्दल विचारलंस

रोझ हॉल, बर्बीस, गयाना
मंगळवार, १६ मार्च २०१०

प्रिय सुरसती दीदी,

धनमतीचा सीताराम. भाऊजींना नमस्कार सांग, दोघी पोरींना आशीर्वाद. आज मंगळवार, त्यात चैत्रातलं नवरात्रही आजच बसलं. सकाळीच अंगणातल्या बांबूवरचा विरलेला झेंडा उतरवून हनुमानजीचा नवा लाल झेंडा चढवला. उपास आहे. अक्षर वाकडं आलं तर उपासाचं समज.

तू पाठवलेलं पिंप पोचलं. दुधाची पावडर, टॉवेल, यांचे बूट, सगळं नीट आलं. बूट एक नंबर मोठे आहेत. पण हे पुढे कापूस कोंबून घालतात आणि वाटेत भेटेल त्याला पाय पुढे करून सांगतात, "टोरोंटोचे." पिंपाचं झाकण मी पाण्याच्या टाकीवर ठेवलंय, अगदी मापाचं बसलं.

आत्ता हे खाली, माझ्या खिडकीतून दिसतील असे, घराच्या कडेच्या खांबांजवळ सावलीत बसलेत. ओमी झुल्यात पडलाय आणि हे त्याच्या डाव्या हाताला बाकावर बसून त्याच्या बॅटची मूठ नव्याने गुंडाळताहेत, शनिवारच्या सामन्यासाठी. "दीदीचं पत्र झालं की वाचून दाखव," असं दोनदा ओरडून झालं. तुला माहीत आहे, तुला लिहिलेलं एकही पत्र यांना ऐकवल्याशिवाय मी बंद केलेलं नाही. वाचायचा कंटाळा आणि ऐकायची हौस, असा माणूस.

तू ओमीच्या मानेबद्दल विचारलंस. ते लिहितेच. आधी फोटोंचं लिहिते. तुमच्या क्लबच्या सेक्रेटरीला फोटो आवडले आणि उन्हाळ्यात ओमीला खेळायला बोलवायचं ठरवण्याआधी त्यांना अजून हवेत, असं तू लिहिलंयस ना, म्हणून.

तू पाठवलेल्या कॅमेऱ्याला मैदानावर सगळे साबणाची डबी म्हणतात. लांब नळीचे कॅमेरे पेपरवाल्यांचे. ते गळ्यात पास अडकवून दोरीजवळ बसतात. आमच्यासारख्यांनी स्टँडमध्ये. फाटकावरचा माणूस माझ्या पिशवीत डोकावतो, डबी बघतो आणि म्हणतो, "जा मावशी, आंघोळ करून या."

पहिल्या महिन्यात माझ्या डबीत नुसती जाळी आली, दीदी. जाळी स्वच्छ आणि मागे पांढरे डाग, तेच खेळाडू. मग कळलं की डबीचं तोंड जाळीच्या भोकालाच लावायचं. चित्र फार जवळ ओढलं की थरथरतं, म्हणून ओढणीची घडी कठड्यावर ठेवून तिच्यावर डबी टेकवते आणि श्वास धरते. तरी चेंडू काही सापडेना. बटण दाबल्यावर डबी क्षणभर विचार करते. चेंडू दिसला म्हणून दाबावं तर चेंडू गेलेला असतो, बॅट खाली आलेली असते आणि फोटोत सगळे भलतीकडे बघत असतात. आता मी चेंडू बघतच नाही. बॉलरचा पुढचा पाय बघते. तो जमिनीला टेकायच्या आधी दाबायचं.

माझ्याशेजारी मिस वर्ना बसते, उकडलेले चणे आणि मॉबीचं सरबत विकणारी. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय मोठं! नवरा तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं ना काय बोलणार ते? तसंच हे."

दोन चेंडूंच्या मध्ये मी डबी बंद करते. बॅटरी वाचते. हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल.

आता मान.

मी बसते ती जागा ओमी बॅटिंगला उभा राहिला की त्याच्या डाव्या अंगाला येते. नोव्हेंबरातल्या फोटोंत मला त्याचा एक कान, गाल आणि खांद्यावर टेकलेली हनुवटी दिसायची, सगळ्या मुलांची दिसते तशीच. जानेवारीत गाल जास्त दिसायला लागला. फेब्रुवारीत मान इतकी वळायला लागली की त्याचे दोन्ही डोळे फोटोत यायला लागले. मला बाई आनंद झाला. वाटलं, पोरगा माझ्याकडे बघतोय.

मग तू विचारलंस तेच मीही विचारलं. तर म्हणे, "नवी स्टाइल आहे मा, तुला नाही कळायचं." पण त्याचं इतरही बिघडलं होतं. दाराला खांदा आपटायचा. फगवाच्या दिवशी सगळी गल्ली रंगात लाल झाली आणि हा आत दार लावून बसला, डोळ्यांत पावडर जाते म्हणून. ओमी! मागच्या वर्षी पंडितजींच्या मोटारीवर बादली ओतणारा ओमी!

मी म्हटलं, नजर लागली. टोरोंटो टोरोंटो करत हे गावभर फिरत होते, लोकांचे डोळे काय मेलेत? सुखिया नानीला बोलावलं. तिने मिरच्या-मीठ ओवाळून आगीत टाकलं, नारळाच्या हिरांच्या खराट्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाडलं. मिरच्यांचा ठसका उठला नाही, तेव्हा नानी म्हणाली, फार जबर आहे, अजून दोनदा झाडावं लागेल. झाडलं. हेल्मेटच्या आतून काजळाचा ठिपका लावला. हनुमानजीला नवस बोलले. ओमी गप्प उभा राहायचा. झाडून घ्यायचा आणि खेळायला जायचा.

परवा रविवारी इस्टेटच्या मैदानावर सामना होता. हे कारखान्यावर होते, गाळप जोरात आहे. दिवस कलला आणि त्यातच पलीकडच्या शेतात उसाचा पाला पेटवला. काळा धूर मैदानावर आला, राखेच्या काड्या चण्यांत पडायला लागल्या. मिस वर्ना टोपलीवर फडकं टाकून शिव्या देत होती. ओमी खेळत होता. समोर राउल, तो उंच मुलगा, ज्याचे चेंडू मला स्टँडमधूनही दिसत नाहीत.

डबी बंद करून उघडली की फ्लॅशचा दिवा लावायचा की नाही हे ती स्वतःच्या मनाने ठरवते. दर वेळी तो आठवणीने बंद करावा लागतो. धुराच्या गडबडीत मी विसरले. राउल धावत आला, मी पाय बघून दाबलं, आणि डबीतून लख्खकन वीज चमकली.

राउल मध्येच थांबला. अंपायरने हात वर केला. "ए बाई!" वरच्या पायरीवरून अंकल कटलस ओरडले. ते ऊसतोडीतून निवृत्त झालेत, हातातला कटलस, म्हणजे कोयता, सुटला आणि आता फक्त जीभ चालवतात. "लग्न आहे का कुणाचं? नवरा मुलगा पॅड बांधून आलाय की काय?"

सगळं स्टँड हसलं. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी ओशाळून ओमीकडे पाहिलं. तो उलटीकडे बघत होता, दीदी. पलीकडच्या रिकाम्या दोरीकडे. काय झालं, कुठे झालं, हे तो शोधत होता आणि तिथे शोधत होता जिथे त्याला दिसतं.

हात आपोआप पुन्हा बटणावर गेला. पुन्हा वीज. आता राउल हसायला लागला, अंपायर बोट दाखवून ओरडत होता, आणि ओमीने विचारलेलं मला जाळीतून ऐकू आलं, "झालं काय रे?"

नजर लागली नव्हती गं. नजर गेली होती. आणि मी त्याला खराट्याने झाडत होते.

ओव्हर बाकी होती. राउल पुन्हा मागे चालत गेला. उठून ओरडावं तर काय ओरडावं? मैदानभर माणसं. मी देवाचं नाव घेतलं आणि तो धावायला लागला तशी तिसऱ्यांदा दाबलं. या वेळी मुद्दाम.

"अगं, आता बाहेर काढतील तुला!" मिस वर्नाने माझा हात धरला. माझा चेहरा बघितला आणि सोडला. कळलं काय तिला, कोण जाणे. पण ती उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून अंपायरला म्हणाली, "तिच्यावर काय डोळे वटारतोस? साबणाच्या डबीलासुद्धा दिवा लावावा लागतोय, आणि तुम्ही त्या पोराला अंधारात खेळवता?"

अंकल कटलसना तेवढंच हवं होतं. "बरोबर! डबीला कळतं, अंपायरला कळत नाही! लाइट! लाइट!" मग सगळं स्टँड पाय आपटत लाइट, लाइट. दोघा अंपायरांनी धुराकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि बेल्स उचलल्या. सामना थांबला.

यांना ही गोष्ट रमच्या दुकानात कळली. तेव्हापासून हसताहेत. "धनमतीने अंपायरला उजेड शिकवला!" मीही हसले यांच्याबरोबर. हसण्यावाचून दुसरं काय करणार होते?

घरी ओमी खूप चिडला. "माझी शोभा केलीस मा. कटलस अंकल मला मरेपर्यंत सोडणार नाहीत." रोटी आणि वांग्याचा चोखा वाढला, पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. जेवता जेवता त्याने पाणी मागितलं. पुन्हा मागितलं.

"ठेवलंय, ओमी," मी म्हटलं.

तो हळूच सगळं अंग वळवून बघायला लागला. पेला दिसला. मग त्याने घास ताटात परत ठेवला.

डिसेंबरात नेटमध्ये चेंडू त्याच्या गालफडावर बसला होता. मी हळद लावली होती, आठवतं, तुला लिहिलंही होतं. त्यानंतर डाव्या डोळ्यासमोर आधी काळे ठिपके, मग कडेने पडदा, असं त्याने सांगितलं. "कुठवर आलाय?" विचारलं. "नाकापर्यंत."

"मग राउलचा चेंडू तुला दिसतो कसा?"

"नाही दिसत. पाय बघतो आणि अंदाजाने बॅट घालतो." मग जरा हसला. "तुझ्यासारखंच."

तो म्हणाला, "शनिवारी निवड करणारे येणार आहेत. एकच सामना, मा. मग तू म्हणशील तिथे येतो. तोवर बाबांना नको सांगू. शपथ घे." मी शपथ घेतली नाही. खोटी शपथ मला घेता येत नाही आणि खरी घ्यायची छाती नव्हती. ताट उचललं.

काल यांना बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि त्याला क्युबन डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई स्पॅनिशमध्ये बोलायच्या, नर्स आम्हाला सांगायची. भिंतीचा रंग पोपडा धरून सुटतो ना, तसा डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. अर्ध्याच्या वर. शुक्रवारी जॉर्जटाउनला ऑपरेशन. तोवर पडून राहायचं, धावायचं नाही, डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही. एक चेंडू, एकदा पडणं, आणि उरलेलाही सुटेल. नीट होईल का, विचारलं. नर्सने बाईंना विचारलं. बाईंनी माझा हात धरला आणि पुष्कळ बोलल्या. नर्सने एवढंच सांगितलं, "प्रयत्न करू म्हणतात."

क्रिकेटचं मी विचारलंच नाही. ओमीने विचारलं. बाईंनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

म्हणून तो झुल्यात पडलाय. हे समजतात, शनिवारसाठी दमसास राखतोय.

सोबत फोटो पाठवते, परवाचा दुसरा. कालच शहरात छापून घेतला. दाणेदार आलाय, धुरकट आहे, पण बघ. राउल माझ्याकडे बघतोय, अंपायर माझ्याकडे, लांबचे फील्डरही माझ्याकडे. एकटा माझा मुलगा तिसरीकडे. भाऊजींना सांग, हाच सेक्रेटरींना दाखवा. मान का वळते ते त्यांना कळेल. आमच्यामुळे त्यांनी जागा अडवून ठेवू नये. दुसऱ्या एखाद्या मुलाला बोलवावं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल, मी बूट आणि झाकणापासून सुरुवात का केली. हे पत्र फक्त तुझं नाही. तोंडाने सांगायला बसले असते तर पहिल्याच वाक्याला रडले असते आणि यांनी उठून ओमीलाच विचारलं असतं. कागदावर आहे म्हणजे शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

खालून हाक आली, "धनमती, टोरोंटोला चालत पोचली असतीस एवढ्यात!" ओमीने झुल्यातून वर खिडकीकडे बघितलं. माझ्या हातातली पानं त्याने मोजली असावीत. नको, असं काही म्हणाला नाही.

मिस वर्ना म्हणते नवरा काय बोलणार ते आधी कळतं. आज मला काहीच कळत नाहीये, दीदी. चोवीस वर्षांचा संसार आहे. पाय टेकायच्या आधी दाबायचं, एवढंच शिकलेय. आजच्या दिवसाची ज्योत लावलेली आहे, तिला नमस्कार करून खाली जाते.

तुझी धाकटी,
धनमती

ता. क. वाचलं. मध्ये मी दोनदा थांबले, तेव्हा हे "पुढे" एवढंच म्हणाले. संपलं तेव्हा बॅटची मूठ अर्धीच गुंडाळून झाली होती, बॅट तशीच खांबाला टेकवून ठेवली. मग उठले, झुल्याला वळसा घातला आणि ओमीच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. अजून तिथेच आहेत. शुक्रवारी आम्ही तिघे जातो आहोत. तू तिकडे दिवा लाव.