काळ्या टोकाच्या गोळ्या

अप्पा, तुमच्या लेकाला पोलिसांनी उचललं. वाघोलीच्या बंगल्यातून, दिवसाढवळ्या, समोरच्या सोसायटीतले लोक गॅलरीत उभे राहून बघत असताना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारसुद्धा आता कोणी वेळेवर बदलत नाही, पण काम मात्र तुमचंच आहे. दसऱ्याला त्यानं तुमच्यासारखीच शस्त्रपूजा मांडली. पाटावर तुमची रायफल, झेंडूची माळ, आपट्याची पानं, आणि पुढे ओळीनं त्या गोळ्या, तुम्ही ठेवायचात तशाच, टोकं देवाकडे करून. आईनं एकेका गोळीला हळदकुंकू वाहिलं. तुमच्या वेळी हे बघायला घरातली माणसं आणि फार तर एखादा पाहुणा असायचा. तुमच्या लेकानं त्याचा व्हिडिओ काढला, मागे ढोलताशा लावला, खाली ‘आमचा वारसा’ असं लिहिलं आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवून दिला. भावकीशी बांधावरून दावा चालू आहे हे तो विसरला. भावकी विसरली नाही. कोणीतरी त्या व्हिडिओतला गोळ्यांचा फोटो काढून पोलिसांकडे पोचवला.

आलेला अधिकारी सभ्य होता म्हणे. आईनं त्याला दारातच सांगितलं, “साहेब, पायातलं काढून या, देवघर हाय,” आणि त्यानं खरोखर बूट काढले. रायफलीचे कागद पाहिले, ते चोख होते. आयत्या बिळावर नागोबा होण्यात तुमचा लेक कधी मागे नव्हता, तुमच्यामागे परवाना त्यानं लगेच स्वतःच्या नावावर करून घेतला होता. मग अधिकाऱ्यानं एक गोळी उचलली, नखानं कुंकू खरवडलं आणि काळं टोक पुढे करून विचारलं, “आणि ही?” “ती वडलांची आहे. पूजेची आहे,” हा म्हणाला. “ही चिलखतभेदी आहे,” असं म्हणून त्यानं याला गाडीत बसवलं. आईनं चहा टाकला होता, तो न घेताच साहेब गेले याचं तिला वाईट वाटत होतं. हडपसरच्या आमच्या बँकेत तिचा फोन आला, तेव्हा तिनं चहाचं आधी सांगितलं आणि मुलाचं नंतर.

वकिलांनी मला कायदा समजावला. तुम्हाला तो नव्यानं सांगायची गरज नाही, पण ऐका. बंदुकीचा परवाना असला म्हणून वाटेल ती गोळी घरात ठेवता येत नाही. पोलादी गाभ्याची, लोखंड फोडून जाणारी गोळी सैन्यासाठी, पोलिसांसाठी. तुमच्यामाझ्यासारख्याच्या घरात ती सापडली तर शिक्षा सात वर्षांपासून पुढे. “पूजेला ठेवल्या होत्या हा काही बचाव होत नाही हो ताई,” वकील म्हणाले. “उद्या कोणी रणगाडा पुजायला ठेवेल.” मला हसू आलं. मग ते म्हणाले, एकच वाट आहे. गोळ्या वडलांनी आणल्या, त्या कसल्या होत्या हे त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही, तो बिचारा साध्या काडतुसांसारख्या पुजत राहिला, असं घरातल्या कोणीतरी जबाबात सांगितलं पाहिजे. आईचा शब्द न्यायाधीश धरणार नाहीत, ती आई आहे. बायकोचं तेच. “तुम्ही वेगळ्या राहता, शिकलेल्या आहात, आणि भावाशी तुमचं फारसं बरं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या शब्दाला वजन येईल.” म्हणजे तुम्ही बापलेकांनी मला घराबाहेर काढलंत, हेच आता उपयोगी पडणार होतं.

त्या जबाबाचा पहिला अर्धा भाग तर मी झोपेतही सांगू शकते. मी शाळेत आहे, नवे बूट घ्यायला तुम्ही मला कॅम्पात आणलंय, आणि बुटांआधी तुम्हाला बंदुकीच्या दुकानात जायचंय. दुकानदार म्हातारा आहे, तुमच्याशी अदबीनं बोलतोय. तुम्ही काहीतरी मागता आणि तो मान हलवतो. “पाटील, ती गोळी आम्ही ठेवत नाही. कुणीच ठेवत नाही. कायद्यानं बंद आहे, फक्त मिलिटरीला.” तुम्ही काउंटरवर कोपर टेकवून म्हणता, “बंद लोकांसाठी असंल. आपल्यासाठी कोण बंद करतंय?” तो पुन्हा मान हलवतो. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारता, “काय ऐकलंस गं आत?” मी सांगते, बंद गोळीचं. तुम्ही रस्त्यातच माझा कान असा पिळता की शेजारून जाणारी बाई थांबते. “काय ऐकलंस?” “काही नाही.” “शहाणी,” तुम्ही म्हणता. त्या दिवशी बूट घ्यायचे राहून गेले. पुढे गावातला एक जवान फौजेतून सुटून आला, त्याचं तुमच्याशी काही काम अडलं होतं, आणि त्या दसऱ्याला पाटावर काळ्या टोकाच्या गोळ्या आल्या.

दुसरा अर्धा भाग खोटा आहे, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. अहमदनगर रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिलीत त्या वर्षीची गोष्ट. आजोबांचा नांगर गोठ्यात पडून होता. तुम्ही त्याचा फाळ काढलात, ओढ्याच्या दरडीला उभा केलात आणि आम्हा दोघांना बोलावलंत. “आता याचं काय काम?” असं म्हणून तुम्ही गोळी झाडलीत. साध्या गोळीनं फाळ नुसता आडवा झाला असता, हिनं आरपार भोक पाडलं. “बघा. मोटारीचं इंजिन फोडंल ही. म्हणून सरकार घाबरतं आपल्याला द्यायला.” मग तुम्ही धाकट्याला म्हणालात, “घाल बोट त्यात.” तो घालेना. तुम्ही त्याचं मनगट धरून बोट भोकात खुपसलंत. कडा तापलेल्या होत्या, वर दातेरी. तो किंचाळला, रक्त आलं, आणि तुम्ही हसलात. “रडतो काय बायकांवानी? पाटलाचा ना तू?” त्याच्या बोटावरचा वण अजून आहे. मी त्याला ओढ्यावर नेऊन बोट धुतलं तर त्यानं मला ढकललं आणि तुमच्याकडे पळत गेला. जो मारतो त्याच्याकडेच पळायचं, हे तो फार लहानपणी शिकला. तो फाळ तुम्ही ओसरीवर टांगलात. आलागेला त्याच्यातून बोट घालून बघायचा. तेव्हा ती गोळी कसली हे तुमच्या लेकाला माहीत नव्हतं, असं म्हणायला जीभ चांगलीच वळवावी लागते.

आई विश्रांतवाडीला माझ्या घरी आली. रिक्षानं, एकटी. माझ्या लग्नानंतर एवढ्या वर्षांत ती माझ्याकडे मोजक्या वेळा आली असेल, आणि दर वेळी तिला संध्याकाळच्या आत परतायचं असे. या वेळी ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. “फाळ भंगारवाल्याला दिला मी,” तिनं आल्या आल्या सांगितलं. “दुसऱ्याच दिवशी. आता त्या गोष्टीचं कुणाला ठाव न्हाई. तू आन तो.” म्हणजे हळदकुंकू वाहणाऱ्या आमच्या भोळ्या आईलाही सगळं माहीत होतं तर. मी तिला म्हटलं, “मला जमिनीतलं काही देताना मी मुलगी होते. आता जबाब द्यायला मी लागते.” ती चिडली नाही. “दिलं काय आन न दिलं काय, भाऊ हाय तुजा,” ती म्हणाली. “आन त्यानला मधी आणू नगंस. मेलेल्या माणसाचं नाव पोलिसात नगं.” मी विचारलं, मग गोळ्या आभाळातून पडल्या असं सांगू का? त्यावर ती रडली. तुमच्यासाठी रडली, लेकासाठी नाही, असं मला वाटलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही.

आता तुम्ही दिलेल्या भेटीबद्दल. माझं लग्न ठरल्यावर तुम्ही मला रजिस्ट्रार कचेरीत नेलंत आणि हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलंत. मी म्हटलं, वाचू तरी द्या. तुम्ही म्हणालात, “वाचून काय करणार? शिकवली तीच चूक झाली.” सही झाल्यावर मी पेन परत दिलं, तर ते तुम्ही घेतलं नाहीत. “ठेव तुला,” म्हणालात. तुमच्याकडून मिळालेली माझी सगळी स्थावरजंगम तेवढीच. धाकटा शेजारी उभा होता आणि मोबाइलवर कुणाशी तरी नव्या गाडीच्या रंगाबद्दल बोलत होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं असतं तरी मी आज वेगळी वागले असते, असं मी कधीकधी स्वतःला सांगते. तसं काही नाही. मी अशीच वागले असते.

दिवाळीआधी मी जबाब दिला. अधिकाऱ्यानं विचारलं, गोळ्या कोणी आणल्या? मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, टाइप करणाऱ्या हवालदाराचं अक्षर चुकू नये म्हणून. दुकानदारानं बंदी असल्याचं सांगितलं होतं, तेही सांगितलं. वडलांना माहीत होतं, तरी आणल्या, तरी देवापुढे ठेवल्या. हवालदारानं तुमच्या नावापुढे ‘मयत’ टाइप केलं. तुम्ही ज्या नावासाठी गावात कुणाला समोर बसू दिलं नाहीत, ते आता आरोपीच्या कागदात आहे. मग अधिकाऱ्यानं विचारलं, भावाला माहीत होतं का, या कसल्या गोळ्या आहेत? धाकटा बाकावर बसला होता, चपला हातात घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या नीट त्यानं मला जन्मात पाहिलं नव्हतं. मी थोडा वेळ घेतला. गरज नव्हती, पण घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला तो मी पाहिला, आणि मग म्हटलं, “नाही. त्याला काही माहीत नव्हतं.”

जामीन झाल्यावर तो माझ्या पाया पडला, कोर्टाच्या आवारात, लोकांदेखत. “ताई, हे उपकार मी फेडू शकणार नाही.” मी म्हटलं, “नको फेडूस.” त्याला ते मोठ्या मनाचं वाटलं. तेव्हापासून तो रोज फोन करतो. भाऊबीजेला स्वतः आला, बायकोला घेऊन, आणि मी ओवाळत असताना पाटावर मान खाली घालून बसला. मी मुद्दाम हळू ओवाळलं. वकील म्हणतात खटला कधी उभा राहील आणि किती वर्षं चालेल याचा नेम नाही, आणि तो उभा राहिला की मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हेच शपथेवर पुन्हा सांगावं लागेल. पोलिसांपुढचा जबाब फिरवता येतो, हेही त्याला वकिलांनी सांगितलंय. म्हणून तो विचारतो, “ताई, तू तेच सांगशील ना?” आणि मी म्हणते, “बघू.”

हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवायला वाघोलीला यावं लागेल, आणि तिथे आई असते, म्हणून ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील. तिला आणि त्याला वाटतंय की मी मनातून कधीच ठरवलंय आणि नुसती ताणून धरतेय. मी काहीच ठरवलेलं नाही, अप्पा. आणि ठरवायची मला अजिबात घाई नाही, एवढं फक्त तुम्हाला सांगते.