सुनेच्या दंडातली सळई

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
स्त्री-आरोग्य दवाखाना.

विषय : सुनेच्या दंडात गर्भनिरोधक सळई न बसवण्याबाबत.
संदर्भ : आपल्या दाराशी लावलेला फलक, 'बसवा निर्धास्त, काढा केव्हाही'.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार ही शिवणकाम करणारी विधवा असून तिला एकच मुलगा आहे. घरात सून आली, पाठोपाठ नात आली, आणि मग कुठेतरी माशी शिंकली. पाळणा पुन्हा हलेना. अर्जदाराने मुलाला दोष दिला नाही, कारण तो अर्जदाराचा आहे.

सुनेच्या बाहीचे माप घेताना दंडाच्या आतल्या बाजूस, कातडीखाली, काडीएवढे काहीतरी बोटाला लागले. विचारले असता ती म्हणाली, "आई, डॉक्टरबाईंनीच बसवलीय. माझं हृदय कच्चं आहे. पुन्हा दिवस राहिले तर मी वाचणार नाही, म्हणाल्या." आजकालच्या मुलींना निमित्त पुरते. अर्जदारानेही दुखणी अंगावर काढली आहेत. तिला कोणी सळई दिली नाही.

अर्जदार सुनेला घेऊन आपल्याकडे आली असता परिचारिकेने 'तिची इच्छा असेल तरच काढू' असे सांगून परत पाठवले. घरातल्या मोठ्या माणसाची इच्छा विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. फलकावर 'काढा केव्हाही' एवढेच लिहिले आहे. कोणी काढावी, ते लिहिलेले नाही. अर्जदाराचा हात टाके उसवण्यात मुरलेला आहे. पाते उकळून घेतले होते. मुलाने दंड धरला व तोंड फिरवले. तो पहिल्यापासून हळवा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सुनेच्या तोंडात चिंधी दिली होती.

पुढे दिवस राहिले. सातव्या महिन्यात सून गेली. पोटात मुलगा होता, तोही गेला. याबाबत अर्जदाराची आपल्या कार्यालयाविरुद्ध काही तक्रार नाही.

आता मुलाचे लग्न मयत सुनेच्या धाकट्या बहिणीशी ठरले आहे. नातीला परकी आई नको, हा विचार. धाकटीचे हृदयही तसेच असल्याचे डॉक्टरबाईंनी तिच्या घरी कळवले आहे. तेव्हा ती सळई मागायला आपल्याकडे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिला गोड बोलून परत पाठवावे, ही विनंती. आपण बसवल्यास अर्जदाराला ती काढावी लागेल, आणि अर्जदाराची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

आपल्या सहकार्याची खात्री बाळगणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, शिवणकाम
दिनांक : १२ मार्च

सोबत : काढलेली सळई, एक नग. धुतलेली आहे.