दारात मी नाही म्हटलं होतं

गुरुवार, हेन्डरसन

अपील फेटाळलं. पोलीस वॉरंटशिवाय आले तेव्हा दारात मीच होते. "आत येऊ नका," असं स्पष्ट सांगितलं, तरी त्यांनी गॅरेजमधून माझ्या नवऱ्याची, मंदारची, बिनपरवाना बंदूक काढलीच. खटल्यात आमच्या वकिलांनी त्या झडतीवर हरकतच घेतली नाही. मी नाही म्हटलं होतं, पण मला विचारतंय कोण? अपिलात नव्या वकीलबाईंनी माझी साक्ष घेतली. आज कोर्ट म्हणालं, आधीचे वकील चुकले. पण गुन्हा गंभीर, हरकत घेतली असती तरी पुरावा ग्राह्य धरलाच असता. मग चूक मान्य करून काय मिळालं?

तुरुंगातून मंदारचा फोन आला. "निदान या वेळी तुला कुणीतरी विचारलं," म्हणाला. वर मलाच समजावतोय! मी चिडून फोन ठेवला. आता रडू येतंय, आणि तिथे उलटा फोन लावता येत नाही.