उपरण्याखालचा भाव

सर, आज माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि मी जिंकले. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, माझी चाळिशी उलटली, तरी ही बातमी कुणाला सांगावी म्हटलं तर पहिल्यांदा तुमचाच चेहरा आठवला.

मलकापूरच्या कॉलेजातला तो वर्ग. मराठी भाषकांचं राज्य नवं नवं होतं, आणि अर्थशास्त्राला मुली आम्ही दोघीच. तुम्ही शिकवता आहात: जो तो आपलं हित पाहतो आणि बाजाराचा अदृश्य हात त्यातूनच साऱ्यांचं भलं करतो, वरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही. मला हसू येतं. चिडलात की तुमची पुस्तकी मराठी सुटायची. "काऊन हसून राह्यली?" मी उभी राहून म्हणाले, "सर, आमच्या बैलाचा भाव दलालानं उपरण्याखाली बोटं दाबून ठरवला. हात दिसत नव्हता, पन कोनाचा हाये ते साऱ्यांले माहीत होतं." वर्ग हसला. "बस खाली. हे शास्त्र हाये, चावडी नाही," तुम्ही म्हणालात, आणि तास संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीत.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्हीच आम्हा दोघींना गुरांच्या बाजारात नेलंत. धूळ, शेणाचा वास, आणि एका उपरण्याखाली दलालाचा आणि गिऱ्हाइकाचा हात. बैलाचा मालक बाजूला उभा होता, आत काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. "तू म्हनते ते खरं हाये," एवढंच बोललात. तेवढ्यात दलालानं भाव सांगितला. मालकानं नकाराची मान हलवली, कासरा हातात घेतला आणि बैल घेऊन दुसऱ्या दलालाकडे चालू लागला. तुमचा चेहरा उजळला. "आता हे पाह्य. त्याले निंगून जाता येते. माह्या पुस्तकात हेच हाये. दोन्ही धरून लिहून दाखव मले, कधीतरी."

तेच लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुमच्यानंतर फ्रान्समधून नवे, उत्तर-आधुनिक म्हणवले जाणारे विचारवंत आले. ज्ञान आणि सत्ता एकाच दावणीला बांधलेली असतात, असं ते म्हणत. तुमच्या जुन्या उदारमतवादी अर्थशास्त्र्यांशी त्यांचं जमायचंच नाही, असा सगळ्यांचा समज. आज परीक्षकांनीही तेच काढलं. "एकाला बाजार निसर्गासारखा वाटतो, दुसऱ्याला निसर्गसुद्धा माणसानं रचलेली गोष्ट वाटते. ही सोयरीक तुम्ही जुळवता कशी, बाई?"

मी त्यांना आपला गुरांचा बाजार सांगितला. म्हटलं, दोघांचाही संशय एकाच माणसावर आहे: मला वरून सगळं दिसतं, असं म्हणणाऱ्यावर. जुने लोक मालकाची निघून जायची मोकळीक जपतात. नवे लोक उपरणं उचलून आतला हात कोणाचा ते पाहतात. उपरणं उचलणारं कुणी नसेल, तर मोकळा मालक या उपरण्याकडून त्या उपरण्याकडे फिरत राहतो. परीक्षक खुर्ची मागे सारून हसले. "हे मी माझ्या वर्गात सांगणार," म्हणाले. खोलीतून बाहेर आले तेव्हा मी जवळजवळ धावत होते, सर, या वयात, साडीत.

हे पत्र टाकायला पत्ताच नाही, हे मला ठाऊक आहे. एक मात्र कबूल करते. दुसरा दलालच नसेल तर मालकानं जायचं कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही तो प्रश्न काढला नाही. तुम्ही असता, तर सुरुवातच तिथून केली असती.